फुलांची भाजी आणि कारकुनाचा शेरा

सरकारी कचेरीत यादी करण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याला आपण इतिहास लिहीत आहो अशी शंकादेखील येत नाही. आमच्या वाट्याला ते काही वर्षांपूर्वी आले. बंगळुरात ज्या वसाहतीत आम्ही राहतो, तिच्या मागील कुंपणालगत दुचाकी वाहनांसाठी छपरी उभारावयाचे ठरले आणि त्या जागेत व तिच्या आसपास असलेल्या झाडांची यादी करण्यास आम्हांस सांगण्यात आले. अनुक्रमांक, झाडाचे नाव, बुंध्याचा घेर आणि शेरा असे चार रकाने होते. तिसऱ्या क्रमांकावर एक हादगा होता. सडसडीत बांधा, चिंचेसारखी पण जरा मोठी पाने, कोयरीसारखी वाकलेली पांढरी फुले. त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात आम्ही लिहिले : 'फळ नाही. सावली विरळ. उपयोग नाही.' चौथ्या क्रमांकावर कडुनिंब होता. त्याच्यापुढे 'औषधी' असे लिहिले. यथाकाल रीतसर परवानगी आली, हादगा गेला, निंब राहिला, छपरीही झाली.

ज्या झाडाला उपयोग नाही असे आम्ही लिहिले, त्याच्या फुलांची भाजी आम्ही लहानपणी दर वर्षी खाल्ली होती, आणि आवडीने खाल्ली होती. असे असता लेखणी हातात असताना ती आठवली कशी नाही? आमचा विसरभोळेपणा हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. कारण पुढे जुनी पुस्तके व जुने कायदे चाळू लागलो, तेव्हा असे दिसून आले की आमच्या आधी फार मोठमोठ्यांच्या लेखण्यांनी हेच केले आहे. फूल देवाला वाहिलेले कागदावर येते, वेणीत माळलेले येते, औषधात पडलेले येते, सुगंधासाठी पाण्यात टाकलेले येते. फोडणीत पडलेले फूल मात्र क्वचित येते; आणि आले तर बहुधा गुन्हा म्हणून येते.

फुले खाणे ही काही अजब किंवा अडाणी चाल आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी आपला मसाल्याचा डबा उघडून पाहावा. लवंग ही न उमललेली कळी आहे. मोलुकू बेटांतील या कळीच्या व्यापारासाठी सतराव्या शतकात डच कंपनीने बेटेच्या बेटे उजाड केली, आपल्या ताब्याबाहेरची झाडे तोडविली आणि लागवड अंबोईना व त्याच्या भोवतालच्या बेटांपुरती कोंडून ठेवली. केशर हा फुलातील तंतू. उलट दगडफूल हे फूल नव्हेच, ते खडकांवर व झाडांच्या सालीवर वाढणारे शैवाक. आणि चक्रीफूल हे फळ. जे फूल आहे त्याच्या नावात फूल नाही, आणि ज्याच्या नावात आहे ते फूल नाही, असा हा घोटाळा आहे. एका भाजीला मात्र आम्ही मराठी लोक सरळ 'फ्लॉवर' म्हणतो, आणि ती परदेशातून आलेली! १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत तिचे बी प्रथम पेरले गेले असे सांगतात. कन्नडात तिचे नाव हूकोसु, त्यातला 'हू' म्हणजे फूलच. दोनशे वर्षांपूर्वी आलेल्या या पाहुणीला मंडईत मानाची जागा मिळाली. घरच्या फुलांना ती मिळाली नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांनी त्यांची दखलच घेतली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या शाकवर्गात ताग, सावर, कांचन यांच्या फुलांचा उल्लेख आहे आणि रक्तपित्तावर ती हितकर असल्याचे म्हटले आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने रचलेल्या 'भावप्रकाशा'त शाकांचे सहा प्रकार केले आहेत : पान, फूल, फळ, देठ, कंद आणि अळंब्यांसारखे ओलसर जागी आपोआप उगवणारे. यांत प्रत्येक प्रकार आधीच्याहून पचण्यास जड. म्हणजे पानाच्या खालोखाल हलके ते फूल. पुढे फुलांचे शाक म्हणून तो ज्यांचे गुण सांगतो ती चार नावे वाचून आम्ही पुस्तक बाजूला ठेवले व थोडा वेळ स्वस्थ बसलो. अगस्ति, कदली, शिग्रु, शाल्मली. म्हणजे हादगा, केळफूल, शेवगा आणि सावर. यांतील पहिली तिन्ही आमच्या आजीच्या परड्यात होती आणि चौथे झाड गावच्या वेशीवर उभे होते. आजीने भावप्रकाशाचे नावही ऐकलेले नव्हते.

हादग्याचे फूल शीत, चौथ्या दिवशी उलटणारा ताप व रातांधळेपणा घालविणारे, असे भावमिश्र सांगतो. सावरीची फुले तूप व सैंधव घालून शिजवावीत, ती स्त्रियांच्या प्रदरावर चालतात, असेही सांगतो. पाकक्रियेच्या जवळ जाणारे त्याचे वाक्य काय ते हे. बाकी सारे वैद्याचे बोलणे. हादग्याच्या फुलाच्या मधला दांडा काढून टाकला नाही तर भाजी कडू होते, ही गोष्ट वैद्याला सांगावीशी वाटली नाही, किंवा ठाऊकच नसावी. ती ज्यांना ठाऊक होती त्यांच्या हातात लेखणी नव्हती.

राजेलोकांची तऱ्हा आणखी निराळी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ केला. हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, ठाण्याजवळचे नव्हे. मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलखांचा तो राजा, म्हणून आमच्यासारख्या बंगळूरवासी मराठी माणसाने त्याच्यावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगावा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी या ग्रंथाचे संपादन केले. त्यात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे : भात, वरण, वडे, मांसाचे प्रकार, पक्वान्ने. फुले येतात ती पाणी सुवासिक करण्यासाठी. पाटला आणि चंपक यांच्या वासाने राजाचे पिण्याचे पाणी भारावयाचे. राजाच्या पाण्यात फूल आहे. प्रजेच्या पातेल्यात ते होते किंवा कसे, हे सांगण्याचे राजाला कारण नव्हते.

आता आमच्या या शहरास लागून असलेली एक गोष्ट. १६३८ च्या सुमारास बंगळूर विजापूरकरांकडून शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या पश्चात ते व्यंकोजीराजांकडे राहिले, आणि पुढे व्यंकोजींनी तंजावर घेऊन तेथे गादी स्थापिली. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले असता दोघां भावांची भेट झाली, बिनसले, आणि मागाहून समेट झाला. त्या समेटाची कलमे बखरीत दिली आहेत. त्यांत बंगळूर व त्याच्या आसपासचा मुलूख महाराजांनी व्यंकोजींची राणी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. आम्ही ज्या भूमीवर सरकारी निवासस्थानासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत उभे राहतो, ती एके काळी एका मराठी राणीची चोळीबांगडी होती! हे सुख फार दिवस टिकले नाही. १६८७ साली मोगलांनी शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले.

परंतु दीपाबाईचे आणखी एक देणे आहे. तिच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्याचा काळ १६७५ ते १७०० असा ठरविला आणि रघुनाथपंडित हा समर्थ रामदासांचा स्नेही असल्याचे दाखवून दिले. जिलबीची जुनी कृती या ग्रंथात मिळते, म्हणून हल्ली त्याचे नाव वरचेवर ऐकू येते. शाकभाज्यांच्या बाबतीत मात्र पंडिताची ओढ जुन्या निघंटूंप्रमाणे गुणदोषांकडे आहे. कोणती पित्त वाढविते, कोणती वात शमविते. राणीने ग्रंथ करविला, पंडिताने केला. राणीच्या मुदपाकखान्यात केळफूल कोण सोलीत होती, आणि तिचे हात चिकाने काळे होऊ नयेत म्हणून ती तेल लावीत होती की नाही, हे या ग्रंथातून कळावयाचे नाही.

तंजावरची आठवण निघाली की आमचे मराठी स्नेही लगेच सांबाराची गोष्ट सांगू लागतात, की ते म्हणे संभाजी महाराजांच्या नावावरून पडले. गोष्ट गोड आहे, पण तिला समकालीन आधार नाही. ज्या गोष्टीस आधार आहे ती आम्ही सांगत नाही. सरफोजीराजांच्या काळी, म्हणजे १७९८ ते १८३२ या दरम्यान, तंजावरच्या राजवाड्यात पाकक्रिया मराठीत लिहून ठेवल्या गेल्या आणि ते लिखाण सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले. घरापासून दूर गेलेल्यांनाच आपले जेवण लिहून ठेवण्याची निकड भासते. बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

आमची आई रोह्याजवळच्या एका गावातली. तो जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९८१ पासून त्याचे नाव रायगड. माहेर व सासर एकाच पंचक्रोशीत, त्यामुळे दोन्ही घरची चूल एकाच चवीची. आईजवळ कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची एक जुनी प्रत आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीने आईने काही टिपणे केली आहेत. छापील पुस्तकात ज्यांच्यासाठी जाऊ नये अशा गोष्टींची. त्यांतील एक टिपण असे : 'हादगा – दांडा काढणे. पाणी घालू नये. पीठ शेवटी.' या आठ शब्दांत जे आहे ते आम्हांस भावप्रकाशात व भोजनकुतूहलात मिळून सापडले नाही.

गणपती गेले की परड्यातील हादगा फुलू लागे. अगस्त्याचा तारा उगवतो त्या सुमारास फुलणारे म्हणून याचे संस्कृत नाव अगस्ति पडले, अशी व्युत्पत्ती सांगतात. देशावर याच दिवसांत मुली हादगा खेळतात. आमच्याकडे तो खेळ फारसा नव्हता, आमच्याकडे भाजी होती. आजी सकाळी आकडीने फुले उतरवी आणि ओटीत घेऊन ओट्यावर बसे. प्रत्येक फूल उघडून आतला दांडा चिमटीने काढावयाचा, तळाची हिरवी वाटी खुडावयाची, मग फुले जाडसर चिरावयाची. कांदा, मिरची, हळद; फुले आपल्याच पाण्यात बसतात; शेवटी वरून हरभऱ्याचे पीठ पेरून एक वाफ. किंचित कडसर, किंचित गोड अशी ही भाजी भाकरीबरोबर खावयाची. दांडे काढण्याचे काम मुलांकडे असे, आणि एखाद्याने आळस केला तर पहिला कडू घास त्याच्याच ताटात जाई, कसा ते आजीलाच ठाऊक.

पावसाळ्यात भोपळ्याची फुले. तीही सरसकट तोडावयाची नाहीत. ज्याच्या देठाशी सुपारीएवढे फळ धरलेले असते ती मादी, तिला हात लावावयाचा नाही. लांब सुटसुटीत देठाचा तो नर, तेवढाच खुडावयाचा. त्यातही सारे नर संपवावयाचे नाहीत, नाहीतर मादी फळणार कशी? वनस्पतिशास्त्रातील हा धडा शाळेत आम्ही पुढे गुणांसाठी पाठ केला. तो आधी भजीच्या निमित्ताने शिकलो होतो. माघात शेवग्याची फुले, त्यांची मुगाच्या डाळीबरोबर भाजी. केळफूल बारमाही, पण त्याला दोन दिवस लागत. आदल्या रात्री तेलाचे हात करून प्रत्येक बारक्या फुलातली ताठ काडी व पारदर्शक खवला काढावयाचा, चिरून ताकाच्या पाण्यात ठेवावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्यांबरोबर शिजवावयाचे. एवढ्या खटाटोपानंतर वाटीभर भाजी होई. ज्या घरात स्त्रीच्या वेळेला किंमत नसते त्याच घरात हे पदार्थ परवडतात, असे आमची पत्नी म्हणते, आणि ती स्वतः नोकरी करते, तेव्हा तिचे म्हणणे आम्ही खोडून काढीत नाही.

याशिवाय रानातली फुले असत, ती कातकरीण आणी. वैशाखात कुड्याची पांढरी फुले, पोटाला चांगली म्हणून. मृगाच्या तोंडाशी शेवळे. हा रानसुरणाचा फुलोरा, पहिल्या पावसाच्या आसपास जमिनीतून वर येणारा. घशाला भयंकर खाजणारा, म्हणून त्याच्याबरोबर काकडांची आंबट फळे घालावी लागतात. कातकरीण शेवळांच्या जुड्यांबरोबर काकडे मोजून देई. आजी तिला पैसे कमी आणि तांदूळ जास्त देई. आणि फाल्गुन-चैत्रात, कधी तरी, टोपलीच्या तळाशी पानांखाली झाकून, वाळवलेली मोहाची फुले येत.

ती झाकून का येत, हे आम्हांस तेव्हा कळत नसे. आजी म्हणे, "आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून असंच." मोहाचे फूल पहाटे आपोआप गळते. झाडाखालची जमीन आधी झाडून स्वच्छ करावयाची आणि उजाडता उजाडता वेचावयाचे. रसदार, पिवळट, साखरेने भरलेले हे फूल वाळले म्हणजे मनुकेसारखे दिसते आणि वर्षभर टिकते. हालाच्या गाथासप्तशतीतील खेडवळ स्त्रिया ही फुले वेचावयास रानात जातात. म्हणजे दोन हजार वर्षे नव्हेत तरी दीडहजाराहून कमी नव्हेत इतका हा परिपाठ जुना. उन्हाळ्याच्या अखेरीस कणग्या रिकाम्या होत तेव्हा ठाकर, कातकरी, वारली ही फुले उकडून, हरभऱ्यांबरोबर शिजवून किंवा पिठात मळून खात. याच फुलांची दारूही होते. तीही ते पीत असत.

दारू होते एवढीच गोष्ट सरकारच्या दप्तरात गेली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क ठेकेदारांच्या भट्ट्यांत एकवटला आणि सरकारचे उत्पन्न वाढू लागले. रानात फुकट पडणारे फूल या उत्पन्नाच्या आड येत होते. म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी निराळा कायदा करण्यात आला आणि तो ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत लागू झाला. फूल वेचणे, साठविणे, विकणे यांवर निर्बंध आले. दारूवर नव्हे, फुलावर! ज्याची दारू होते त्याचे जेवणही होते, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांस कोणी सांगितलीच नसेल असे नाही. परंतु आबकारी खात्याच्या हिशेबात जेवणाला रकाना नसतो. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू निराळा, परंतु मोहाच्या फुलांवरील नियंत्रण त्यातही राहिलेच. आमच्या आजीचे लग्न त्या कायद्याच्या अमदानीतले. तांदळाच्या कण्या व मोहाची फुले एकत्र वाटून ती घावन घाली, आणि डबा कोंड्याच्या पिंपात पुरून ठेवी. आजोबा सरकारी शाळेत मास्तर होते. त्यांना हे आवडत नसे. पण घावन ते खात. अखेर २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहाच्या फुलांच्या संकलनावरील, साठवणुकीवरील व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. कुलाब्याच्या रानात १८९२ साली ज्या पोरी फुले वेचीत होत्या, त्यांच्या खापरपणतींनी ही बातमी ऐकली असेल.

हा कायदा वाचीत असताना आम्हांस एकसारखा एक माणूस दिसत होता. मुंबईच्या सचिवालयात बसलेला, तिशीतला, पदवीधर, कदाचित आमच्याच जिल्ह्यातला. फुले किती मण, दारू किती गॅलन, महसुलाची तूट किती, असे तक्ते त्याने सुवाच्य अक्षरात केले असतील. त्याच्या आईनेही मोहाची फुले शिजविली असतील. त्याच्या तक्त्याला त्या गोष्टीसाठी रकाना नव्हता. आमच्या यादीला तर शेऱ्याचा रकाना होता, आणि त्यात काय लिहावे हे सर्वस्वी आमच्या हाती होते. या बाबतीत त्याची बाजू आमच्यापेक्षा बळकट आहे.

वडील निवर्तल्यावर आई कायमची आमच्याकडे बंगळुरास आली. पहिले काही महिने ती खिडकीशी बसून असे. आमच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध तमिळ मामी राहतात. त्यांना तमिळ आणि कन्नड येते, आईला मराठी आणि थोडे हिंदी. एके दिवशी मामींनी मंडईतून येताना शेवग्याच्या फुलांची जुडी आणली होती. जिन्यात आईची व त्यांची गाठ पडली. आईने फुलाला हात लावून 'शेवगा' म्हटले, मामी 'मुरुंगै' म्हणाल्या, खालच्या रखवालदाराने 'नुग्गे' म्हणून दोघींचे म्हणणे कायम केले. त्या दिवशीपासून दोघींचे जे चालले आहे त्याला संभाषण म्हणावे की काय, हे आम्हांस ठरविता येत नाही. परंतु त्यात खंड नाही.

आई आता आमच्याबरोबर कृष्णराजेंद्र मंडईत येते. १९२० नंतरच्या दशकात उभारलेल्या या मंडईत पहाटे फुलांचा जो बाजार भरतो तो पाहावयास लोक मुद्दाम येतात. झेंडू, शेवंती, कनकांबर, मोगरा, ढिगांनी आणि हातांच्या मापांनी. आई त्या बाजूला एकदाच गेली आणि म्हणाली, "ही सगळी देवाची आणि केसांची. आपली कुठे आहेत?" आपली भाजीच्या बाजूला, एका कोपऱ्यात, केळफुलांच्या राशीजवळ. तेथील बाई ती केळफुले सोलून, आतल्या काड्या काढूनही देते, त्याचे दहा रुपये अधिक घेते. आईला हे प्रथम पाप वाटले. आता ती दहा रुपये देते.

मामींनीच एकदा आईला मागच्या छपरीपाशी नेले व सिमेंटच्या जमिनीकडे बोट दाखवून 'अगत्ति' असे तीनचारदा म्हटले. द्वादशीला एकादशीचा उपास त्या अगत्तीच्या पाल्याने सोडीत असत, आणि तो पाला त्या या झाडाचा काढीत. हे आम्हांस वर्षानुवर्षे शेजारी राहूनही माहीत नव्हते. झाड गेल्यावर त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. त्या पाला विकत आणू लागल्या. आई वर आली आणि म्हणाली, "अरे, इथे हादगा होता?"

"होता," आम्ही म्हणालो.

"कुणी तोडला?"

"सरकारने."

हे उत्तर खोटे नव्हते. आई पुढे काही बोलली नाही. तिने रोह्याच्या भाच्याला फोन केला. पंधरा दिवसांनी टपालाने एक पाकीट आले. आत वर्तमानपत्राच्या घडीत हादग्याच्या बिया होत्या.

निंब अजून उभा आहे. चैत्र लागण्याच्या सुमारास तो फुलतो तेव्हा मामी त्याच्याखाली जुने धोतर पसरतात आणि गळालेली फुले गोळा करून उन्हात वाळवितात. वर्षभर त्यांच्या घरी तुपात परतलेल्या त्या फुलांचे रसम होते. पाडव्याच्या दिवशी आई त्याच झाडाचा कोवळा पाला व फुले घेऊन गूळ, ओवा, हिंग, मीठ घालून वाटते. त्याच दिवशी या शहरात घरोघर युगादीचे बेवु-बेल्ल वाटतात, तीही निंबाची फुले आणि गूळच. गेल्या पाडव्याला समोरच्या कन्नड घरातून, वरच्या तमिळ घरातून आणि आमच्या स्वयंपाकघरातून अशा तीन वाट्या आमच्या टेबलावर आल्या. तिन्ही कडू होत्या. आमच्या मुलाने गूळ जास्त म्हणून समोरच्या घरची पसंत केली, आणि आईला त्याचा रागही आला.

बिया आईने छपरीच्या पलीकडे, कुंपण आणि गटार यांच्यामधल्या वीतभर रुंद मातीत लावल्या. तिघांपैकी एक रोप जगले. हादगा भराभर वाढतो; पहिल्याच पावसाळ्यात तो आमच्या खांद्यापर्यंत आला, आणि दुसऱ्या वर्षी छपरीच्या पत्र्यावरून डोकावू लागला. यंदा नवरात्रात त्याला पहिली फुले आली, मोजून अकरा. आईने ती उतरविली, ओट्याशी बसून दांडे काढले. आम्ही मदतीस बसलो असता आमच्या हातून एक दांडा राहिला, तो तिने न बोलता काढला. भाजी वाटीभर झाली. अर्धी वर गेली. जेवताना आम्ही आईला यादीची, रकान्याची आणि तिसऱ्या अनुक्रमांकाची हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, "मग निंबापुढे काय लिहिलं होतंस?" औषधी, आम्ही म्हणालो. "तेही अर्धवटच," ती म्हणाली, आणि भाकरी वाढली.

वसाहतीतील झाडांची यादी पुढील वर्षी पुन्हा करावयाची आहे. गटाराकाठच्या हादग्याची नोंद अद्याप तीत नाही.